उलट्या चोचीचा पक्षी

समुद्रपूर,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

लहानूभाऊ, जय भीम.

दहा महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. तुझ्या लेकीला, सरिताला केला की ती गोड आवाजात सांगते, "काका, बाबा वाळूत फिरायले गेले." रोज, आणि नेमका माझाच फोन आला की कसा रे जातोस? शेवटी पोस्टात गेलो. खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, पत्र लिहितं का कोणी आता?" म्हटलं, "ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालेच लिहितात बाई. बाकीच्यांले फोन असतो."

तू गुहागरला खऱ्या समुद्रावर आणि मी आपला नावाच्या समुद्रपुरात, धरणाच्या काठी. तरी आपल्या धरणाला अजून लोक समुद्रच म्हणतात. परवा आनंदाबाईला कुणी विचारलं, "कंडक्टर कुठी गेले?" ही काय म्हणते? "समुद्रावर गेले, उपाशी." चाळीस वर्षांचा संसार झाला, पण बायकोचं बोलणं काही गोड होत नाही.

फेरी मात्र चुकवत नाही. तू चौकीदार होतास तेव्हा दिवसातून दोनदा मारायचास तीच. पहिल्या गेटपासून बाभळीच्या वळणापर्यंत. पाऊण तास, ना चढ ना उतार, माझ्या गुडघ्यांसाठीच बांधल्यासारखी. चक्रवाकांची जोडी दिवाळीच्या आत आली. तेच ते भांडखोर ओरडणं, आणि तरी एकमेकांपासून हातभर लांब जात नाहीत. शेकाटे उथळ पाण्यात त्यांच्या लाल काड्यांवर उभे, नव्या सुनेनं पहिल्यांदा उंच टाचा घातल्यासारखे, पाऊल टाकू की नको.

वही मात्र कोरी आहे. चार डोळ्यांचा नियम तूच घातलास. दोघांनी पाहिला तर पक्षी, एकट्यानं पाहिला तर अफवा. दोघांच्या सह्या नसतील तर नोंद नाही. मी सिमेंटचं रिकामं पोतं मोठा बगळा म्हणून लिहून बसलो होतो, तेव्हापासूनचा नियम. नियम चांगला आहे. पण आता माझे दोनच डोळे उरलेत, त्यातल्या एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मग लिहू काय?

त्या रविवारचं मनावर घेऊ नकोस. संक्रांतीच्या आधीची पक्षिगणना, चाळीस माणसं जमलेली. तू म्हणालास, उलट्या चोचीचा गुलाबी पक्षी पाहिला. मी म्हणालो, रंगीत करकोचा असेल. लोक हसले. आता करकोचाच होता तर मी काय करू? चारचौघांत माणूस गमतीनं बोलून जातो.

उत्तर टाक. दोन ओळी टाक.

तुझा किसन


समुद्रपूर,
रविवार, १ डिसेंबर २०२४

लहानूभाऊ, जय भीम.

उत्तर नाही आलं. ठीक आहे. पण आजची गोष्ट तुला सांगितली नाही तर पोट फुगेल.

माझी नात सुरभी कॉलेजात आहे. तिनं आपली फेरी इंटरनेटवर टाकली. काय लिहिलं? "समुद्रपूर काठावरची सोपी फेरी. पक्षी आणि वन्यप्राणी. रविवारी सकाळी सातला." यात चूक काही नाही. पण नागपुरात ठाण्याहून नुकतंच बदलीवर आलेलं एक कुटुंब आहे. वर्षालीताई, त्यांचे मिस्टर आणि सासूबाई. त्यांनी ते ‘समुद्रकाठची फेरी’ असं वाचलं. ठाण्याची माणसं, समुद्राविना तीन महिने कसेबसे काढलेले. पहाटे गाडी काढली आणि सातला आमच्या भिंतीखाली हजर. मिस्टर हाफपँटीत. सासूबाईंच्या हातात नारळ.

वर्षालीताई चहूकडे बघतात. इकडे तूर, तिकडे कपाशी, मध्ये धरण.

"काका, समुद्र कुठल्या बाजूला?"

"हाच नं बाई."

"नाही, म्हणजे... समुद्र?"

"गावाचं नाव समुद्रपूर आहे. समुद्र पश्चिमेला आहे, इथून आठशे किलोमीटर."

मिस्टर म्हणाले, "मी हिला गाडीतच म्हणालो होतो." नवऱ्यांची ही एक जात आहे लहानू. अख्ख्या रस्त्यात चूप बसतात आणि पोचल्यावर म्हणतात की मी म्हणालो होतो.

मला वाटलं आता भांडण होतं. पण सासूबाई नऊवारी सावरत भिंतीवर चढल्या, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी ते पाणी. आणलेला नारळ काय परत न्यायचा?" आणि दिला फेकून. अडई बदकांचा थवा असा उठला की सगळं आकाश शिट्ट्या मारायला लागलं! सासूबाई टाळ्या वाजवून हसल्या. मग फेरी जमली बघ. बाभळीच्या वळणावर तुरीत रोही दिसली, मोठा नर, निळा-काळा. त्यांना नीलगाय म्हटल्यावर कळलं, रोही म्हटल्यावर नाही. खंड्यानं त्यांच्या डोळ्यांसमोर मासा आपटून आपटून मारला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या बाजारातल्या कोळणी बऱ्या."

परतताना त्यांनी विचारलं, "एवढं सगळं शिकलात कुठं?"

मी म्हटलं, "पुस्तकातून."

आता तूच सांग, पुस्तकातून का? चिखलात पोटावर कसं पडायचं, वारा तोंडावर घेऊन पाखरांकडे कसं जायचं, उडण्याआधी बदक मान कशी ताठ करतं, हे मला कोणत्या पुस्तकानं दाखवलं? मी ड्युटी संपवून यायचो आणि तू शिट्टी मारून बोलवायचास. तुझं नाव ओठांवर आलं होतं. पण नाव घेतलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, मग ते आज कुठं आहेत?

दुपारी जेवण गेलं नाही. आनंदाबाई म्हणाली, "नारळ पाखरांले लागला का तुमाले?"

किसन


समुद्रपूर,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

लहानूभाऊ,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं रस्त्यातच वाचलं असणार, कारण वाचायला होतंच किती. ‘कंडक्टर, दुर्बीण तुझ्या गळ्यात होती.’ बस. ना तब्येत, ना हवापाणी.

मी याला उत्तर म्हणून चार पानं लिहिली. त्यात धुकं होतं, अंतर होतं, माझा मोतीबिंदू होता. ऑपरेशन पुढं मे महिन्यात झालं वगैरे तारखा पण घातल्या. वाचून पाहिली तर एसटी उशिरा का आली हे सांगणाऱ्या कंडक्टरसारखी वाटली. तीस वर्षं मी तेच काम केलं, मला त्यातलं खोटं लगेच वास मारतं. चुलीत टाकली.

थंडी चांगली पडली आहे. चांदवे आलेत, काळ्या कोटावर पांढरा टिळा लावून. हिमालयावरून येणारे पट्टकदंब हंस अजून नाहीत.

थोडा दम धर. लिहितो.

किसन


समुद्रपूर,
रविवार, ५ जानेवारी २०२५

लहानू,

हो. दुर्बीण माझ्या गळ्यात होती.

साडेसातला धुकं विरलं. लोक चहा घेत होते. पलीकडच्या गाळात तिघं उभे होते. सापासारखी मान, गुलाबी पाय, चोच मध्येच मोडून वाकवल्यासारखी. खाताना डोकं उलटं करायचे, चोचीचं वरचं अंग खाली. पुस्तकातलं रोहितचं पान मी इतक्या वेळा उघडलंय की ते सुटं झालंय. ज्याला शहरात फ्लेमिंगो म्हणतात तोच रोहित. आपल्या पाण्यावर आपल्या वीस वर्षांत कधी उतरला नव्हता. मला ओळखायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

मग बोललो का नाही? कारण मला वाटलं, गर्दी जमू दे. साहेब लोक भिंतीवर येऊ दे. मग किसनराव हळूच बोट करतील. नव्या शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून मी सकाळपासून बसलो पण नव्हतो, ते तुला ठाऊक नाही.

आणि तेवढ्यात तू भिंतीच्या टोकावरून धावत आलास, टॉवेल हलवत. "कंडक्टर! चोच उलटी करून खाऊन राह्यला रे! असा कधी पायला नाई!" तुला त्याचं नाव माहीत नव्हतं. तुझ्याकडे दुर्बीण नव्हती. साध्या डोळ्यांनी, पासष्टाव्या वर्षी, तू ते पाहिलंस जे पाहायला मला काचा लागल्या. त्याच वेळी खालच्या रस्त्यावर जीपनं हॉर्न दिला आणि तिघेही उडाले. आता माझ्या शब्दावर होतं. चार डोळ्यांचा नियम.

मी म्हणालो, "रंगीत करकोचा हाय तो. लहानूभाऊची नजर पेन्शनीत निघाली."

लोक हसले. आणि मागून आवाज आला, "चौकीदाराले काय समजते पाखरातलं?"

त्या वाक्यात ‘चौकीदार’ हा शब्द कोणत्या शब्दाच्या जागी बसला होता, हे तुला कळलं आणि मलाही कळलं. मी सातवी पास, तू नववी पास. मी तीस वर्षं तिकिटं फाडली तेव्हा तू त्या पाण्याला रोज दोनदा प्रदक्षिणा घातली. तरी लोकांनी माझं ऐकलं. पाखरांसाठी नाही ऐकलं. का ऐकलं ते मी जाणून होतो, आणि मी ते चालू दिलं. चाळीस वर्षं तुला जय भीम म्हणत आलो, आणि मला वाटायचं, एवढ्यानं माझं झालं. जिथं बोलायचं तिथं तोंडात मूग भरून उभा राहिलो.

तू फक्त टॉवेलची घडी केलीस आणि म्हणालास, "बरं हाय." मार्चमध्ये सरिताकडे निघून गेलास. लोक म्हणाले, म्हातारपणी लेकीकडे गेला. मीही तेच म्हणालो.

हे तुला लिहिलं. पण बंद पाकिटात कबुली देणं म्हणजे उशीत तोंड घालून शिंकणं. सर्दी आपली, ऐकलं कोणी? येत्या रविवारी पुन्हा गणना आहे. जितक्या लोकांत हसवलं तितक्या लोकांत सांगतो.

किसन


समुद्रपूर,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

लहानूभाऊ, जय भीम.

सांगितलं. पण जसं ठरवलं होतं तसं काही झालं नाही, ऐक.

साठ-सत्तर माणसं होती. वर्ध्याहून, देवळीहून आलेली, आणि वर्षालीताई सासूबाईंना घेऊन. मी भिंतीच्या कठड्यावर चढलो. म्हटलं, "गेल्या वर्षी इथं लहानूभाऊनं जो पक्षी पाहिला, तो मीही पाहिला होता. तो करकोचा नव्हता. तो रोहित होता."

पहिल्या रांगेत आपला चिंधू बसलेला, गळ्यात मफलर. कान तुला माहीत आहेतच त्याचे. म्हणाला, "रोही? त्यात काय मोठं? रोही तं माह्या तुरीत रोज राह्यते."

"रोही नाई रे, रोहित."

"तेच तं. पण धरणात काऊन उतरली होती? पोहून राह्यली होती का?"

अख्खी गर्दी फुटली. मी वर्षभराचं पाप घेऊन कठड्यावर उभा आणि खाली लोक पोट धरून हसतायत. सासूबाई शेजारणीला विचारतात, "काय झालं, गाय बुडाली का?"

एक क्षण वाटलं, सुटलो. हसू आलं, हशात विषय गेला, आता खाली उतरायचं आणि चहा घ्यायचा. देवाशपथ लहानू, एक पाय खाली टाकला होता. मग आठवलं की गेल्या वर्षीही हशातच विषय गेला होता. पाय परत वर घेतला.

म्हटलं, "हासून घ्या. मी थांबतो." थांबलो. मग सगळं सांगितलं. दुर्बीण, धुकं, नवा शर्ट, सगळं. चोच उलटी करून खाणं कसं असतं ते हाताचा पक्षी करून दाखवलं. म्हटलं, "हे ज्यानं साध्या डोळ्यांनी पाहिलं त्याले मी खोटं पाडलं. कारण त्यानं माह्या आधी ओरडून सांगतलं. अन् तुम्ही माह्यं ऐकाल हे मले माहीत होतं."

बियाण्याच्या दुकानाचा प्रफुल मागं उभा होता. तोच तो मागचा आवाज. म्हणाला, "जाऊ द्या नं किसनराव, जुनं झालं."

म्हटलं, "जुनं झालं तं नवं करून देतो. तू मागून बोलला, मी समोर चूप राह्यलो. दोघांत मोठा चोर मी."

तो बुटानं माती उकरत राहिला आणि गणना सुरू व्हायच्या आधी निघून गेला. त्याचं तो बघेल. बाकी लोक काय करावं ते न कळून माझ्याकडे बघत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. चिंधू तेवढा जवळ आला, माझ्या कानाशी तोंड आणून, त्याला वाटलं हळू, पण पार गेटपर्यंत ऐकू गेलं: "म्हणजे लहानूले पाखरातलं जास्त समजते का?"

"हो."

"मले वाटलंच होतं. तुमी एकडाव पोतं लिहिलं होतं."

मग गणना केली. माझ्या गटात फक्त तीन माणसं आली, बाकी सगळी सुरभीकडे गेली. किसनरावाची दुर्बीण आता लोकांना नको. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चाललो मात्र हलका, पंचवीस किलोचं पोतं उतरवल्यासारखा. पट्टकदंब आलेत, एकशे बारा. बाभळीच्या वळणापाशी पाणमांजरांची ओली पावलं होती, तीन पिल्लांची. त्यांना घसरगुंडी खेळायला तोच उतार लागतो, तू दाखवलेला.

घरी येऊन वही काढली. गेल्या वर्षीची तारीख टाकून लिहिलं: रोहित, तीन. माझी सही केली. शेजारची जागा सोडली.

आनंदाबाईनं सगळं गावाकडून ऐकलं होतंच. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "कागदं रंगवून माणूस परत येते का? जाय, उठ."

"बोलावलं नाई त्यानं."

"तुमाले कोण बोलावते कधी? तुमी जातच असता."

किसन


गुहागर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळी आठ

लहानू,

ही चिठ्ठी सरिताच्या हाती देतो. तिच्यावर रागावू नकोस. ती मासे घ्यायला वाळूवर आली, मला पाहून तोंडावर हात घेतला, आणि आता चिठ्ठी न्यायला थांबली आहे.

काल दुपारी पोचलो. वर्ध्याहून रेल्वे, पुढं चिपळूण, पुढं लाल डबा. शेवटच्या घाटात कंडक्टरनं ओळखलं की मी त्याच्याच जातीचा, कारण मी त्याच्याआधी बेल मारायला हात वर केला. तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. आतून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. कडी धरली आणि सोडली. माणूस साठ-सत्तर लोकांत बोलू शकतो, पण एका फाटकाची कडी उघडत नाही. लॉजवर जाऊन झोपलो.

आज सकाळी समुद्र पाहिला. सत्तर वर्षांचा समुद्रपूरचा माणूस, आणि समुद्र आज पहिल्यांदा! कुणाला सांगू नकोस. पहिल्यांदा मला वाटलं, याचं काही दुखतंय का? सारखं पुढं येतं, मागं जातं, कूस बदलतं. मग वाळूवर चाललो. फेरी सोपी आहे, चपला हातात घेतल्या की झालं. चिमणीएवढी पाखरं लाटेच्या मागं पळतात आणि लाट वळली की उलटी पळतात, शाळा सुटल्यासारखी. त्यांचं नाव मला येत नाही. कुरव तेवढे ओळखता येतात. वाळूत खेकड्यांनी इतकी बारीक गोळ्यांची रांगोळी काढली आहे की पाय कुठं ठेवावा कळत नाही. मी एकटाच हसत चाललो होतो, एका कुत्र्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

आत्ता वाळूवर ओढून ठेवलेल्या एका निळ्या होडीला टेकून बसलो आहे. समोर सुरूच्या शेंड्यावर एक समुद्री गरुड आहे. पांढरं डोकं, तांबडी पाठ. काय ऐट आहे! तासभर मी त्याच्याकडे बघतो आहे आणि तो माझ्याकडे.

मी माफी मागायला आलो आहे, ते तुला कळलंच असेल. पत्रातून मागितली, पण ती तुझ्या तोंडाकडे बघून मागायची राहिली. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. दुपारच्या गाडीनं परत जाईन, आणि मनात काही ठेवणार नाही. ते ठेवायचा हक्क तुझा.

वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा आणला आहे. तो मात्र सरिताकडे देऊन जातो, तू खा किंवा नको खाऊ.

किसन


(त्याच कागदाच्या पाठीमागं, पेन्सिलीनं)

कंडक्टर,

तांबडी पाठ हाय तं गरुड कायचा? घार हाय ती. इथं कावळ्यावानी फिरते, पोट्टे पण ओळखते. कोणापाशी बोलू नको, हासतीन.

अन् त्या होडीपाशी काऊन बसला? भरती चढून राह्यली, भिजशीन. वर सुरूखाली सरक. दुपारची गाडी गिडी काही नाई. सरितानं भात टाकला.

मी चप्पल घालून राह्यलो.

लहानू